घाटाखालची कोकरं

१ जानेवारी १९८९, किलवणी

ह्यांना कारखान्यातून डायरी मिळाली. निळं रेक्झिन, आत कंपनीचं नाव, शेवटच्या पानावर देशाचा नकाशा. म्हणाले, "मला काय करायची? माझी हजेरी मशीनच घेतं." मी लगेच उचलली. दहावी झालेल्या बाईला वर्षात लिहायला मिळतं काय, तर रेशनकार्डाचा अर्ज आणि माहेरचं पत्र. रोज लिहिणार नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहीन.

आधी जे आहे ते मांडून ठेवते. मी प्रमिला, नांदगावकडची, धनगराच्या घरची. हे म्हणजे गोकुळ. तोंडाने नाव घेत नाही, पण कागदाला कसली लाज. हे सिल्वासाच्या सूत कारखान्यात मशीन चालवतात. लग्नात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला चार मेंढ्या आंदण दिल्या. तेव्हा आम्ही टोकरखाड्याच्या कॉलनीत राहत होतो. मेंढ्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी खालच्या इंजिनीअरबाई नाकाला पदर लावून विचारत्या झाल्या, "पाहुणे किती दिवस राहणार?" म्हणून इथे किलवणीला भिमाबाईंच्या घरामागे खोली घेतली. भिमाबाई इथल्याच, वारली. त्यांच्या स्वतःच्या शेळ्या आहेत, वास त्यांना नवा नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडे चौदा मेंढ्या होत्या. आज नऊ आहेत. पाच पावसाने नेल्या. लोकर भिजून भिजून वाळलीच नाही, खुरं कुजली. ज्या उरल्या त्या झुंबर खाटकाला दाखवल्या तर तो म्हणाला, "वहिनी, ह्यात हाडं आणि लोकरच जास्त. मी मटण विकतो, घोंगड्या नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

८ जानेवारी

आबांना भेटून आले. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन घाट उतरतात आणि मृगाच्या आधी परत वर जातात. त्यांचे वडीलही हेच करत आले. सध्या तळ तलासरीजवळ आहे, इथून एसटीने जवळच. दर वर्षी मी माझी नवी कोकरं तिथे नेते आणि आबा त्यांच्या डाव्या कानाला दोन चिरा देतात. ती आमच्या घराण्याची खूण. हजार मेंढरांत मिसळलं तरी भिका धनगराचं जनावर कानावरून ओळखू येतं.

ह्या वेळी मी सरळ सांगून टाकलं. जतच्या बाजूचा मोठा मेंढा आणणार, उंच, आखूड केसांचा, आणि आपल्या मेंढ्यांना तो लावणार. लोकर कमी, मांस जास्त. शनिवार-रविवारी गुजरातेतून लोक प्यायला-खायला सिल्वासाला येतात, हॉटेलांना मटण पुरत नाही. माझा सगळा हिशोब तयार होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पमे, पावसाळ्यात मेंढरू घाटाखाली ठेवत न्हाईत. माझ्या बापानं ठेवलं न्हाई, त्याच्या बापानं ठेवलं न्हाई. तुला ठेवायचंच आसंल तर ठेव. पर दुसऱ्या रगताची कोकरं घिऊन माझ्याकडं येऊ नको. त्यांच्या कानाला माझी सुरी लागायची न्हाई."

मी म्हणाले, "मी येणारच नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच सुरी घेऊन किलवणीला याल."

बोलायला बोलून गेले. बसमध्ये रडू आलं, रागाने. आबा आजवर एकदाही माझ्या घरी आलेले नाहीत.

२२ जानेवारी

मेंढा आला. कारभारी भाऊजींनी आणला. भाऊजी ह्यांचे चुलतभाऊ, नांदगावचा कांदा ट्रकने वापीला आणतात. मध्ये एक भाडं सांगलीकडचं मिळालं तेव्हा जतच्या बाजारातून घेतला. पांढरा, अंगावर तांबूस डाग, नाक असं वर आलेलं की समोरचा माणूस अर्जदार वाटावा. मी त्याचं नाव मामलेदार ठेवलं.

माझ्या मेंढ्या त्याच्यापुढे अगदीच ठेंगण्या दिसतात. त्याच्या पोटाखाली फडकं बांधून ठेवलंय, आमच्यात बांधतात तसं, म्हणजे वेळ येईपर्यंत मेंढ्या गाभण राहत नाहीत. मामलेदाराला हा अपमान वाटतो. सकाळपासून खुंट्याला धडका देतोय.

४ फेब्रुवारी

फडकं सोडलं. माघ महिना तोंडावर आलाय, आबाही माघ लागतानाच सोडतात. पाच महिन्यांनी आषाढात कोकरं, कोवळं गवत, आईला भरपूर दूध. आमच्याकडे आषाढातली कोकरं सगळ्यात चांगली मानतात. भांडण असलं तरी आबांची विद्या मला येते, ती काही कुणी काढून घेतलेली नाही.

१९ फेब्रुवारी

आज स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

भाऊजी चहाला थांबले. मेंढा मोकळा फिरताना बघून विचारलं, "वहिनी, सोडला का?" मी ऐटीत सांगितलं, माघात सोडायचा असतो. भाऊजी डोकं खाजवत म्हणाले, "रस्त्यात एक म्हातारा भेटला होता. तो म्हणत होता, घाटावर माघ ठीक, पण खाली कोकणात माघात सोडला तर कोकरं भर पावसात पडतील. मृगावर सोडा, म्हणजे दिवाळीनंतर होतील. आणि पहिलटकरणीला मोठा मेंढा लावू नका, कोकरू अडतं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आषाढात आबा घाटावर असतात, कोरड्या माळावर. मी असणार किलवणीच्या चिखलात. इतकी साधी गोष्ट. भांडून वेगळी झाले आणि कॅलेंडर तेवढं त्यांचंच भिंतीला लावून ठेवलं.

फडकं पुन्हा बांधलं. पण नऊतल्या पाच तरी लागल्या असणार, आणि त्यात काळी आहे. काळी पहिलटकरीण.

भाऊजींचं मात्र कौतुक वाटतं. जन्मात मेंढरू हाकललं नाही, पण चार माणसांत बसून बरोबर तेवढं उचलून आणतात.

२७ मार्च

आबांचं कार्ड आलं. ते सांगतात, थोरला भाऊ लिहितो. "आम्ही खुशाल. उन्हाळा कडक आहे. तुझ्याकडं लोकर कधी कातरतात ते कळव." एवढंच.

टोमणा आहे. मला लोकर कातरायची वेळसुद्धा कळणार नाही असं म्हणायचंय त्यांना. उत्तर पाठवलं नाही.

३० एप्रिल

पाच मेंढ्या गाभण आहेत हे नक्की. ह्यांनी विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, आता पावसालाच तयार करायचं.

भिमाबाई अंगणात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमी पावसात शेळी भुईला नाय बसवत. वर माळा बांधतो. मुतून-हागून सगलं खाली पडतं, शेळी सुकी ऱ्हाते. तुजी मेंढी काय राणी हाय का?" मेंढरू माळ्यावर चढलेलं माझ्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नसेल. पण बाईंच्या शेळ्यांची खुरं मी पाहिली आहेत, धुतल्यासारखी असतात.

१४ मे

बांबूचा माळा बांधून झाला. भिमाबाईंनी बांबू चिरून दिले, कारखान्यातल्या मोडक्या लाकडी खोक्यांच्या फळ्या ह्यांनी परवानगी काढून आणल्या. जमिनीपासून कमरेइतका उंच, वर पत्रा, चढायला उतरती फळी. पहिल्या दिवशी एकही मेंढी चढेना. मामलेदार चढला, वर जाऊन सगळ्यांकडे वळून पाहिलं, मग मागोमाग सगळ्या.

भाऊजींनी फटी बोटाने मोजल्या. म्हणाले, "दोन बोटं नको, एकच ठेवा. कोकराचा पाय अडकतो." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, "मनमाडच्या ढाब्यावर एक जण सांगत होता." ढाब्यावर लोक हल्ली बरंच काही सांगतात असं दिसतंय. दोन दिवस घालवून सगळ्या फटी बुजवल्या.

२८ मे

सगळ्या मेंढ्यांची लोकर उतरवली, अगदी अंगाला लागून. माझा हात अजून चालतो. आबांनी शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भावापेक्षा माझी कात्री सरळ जायची, हे आबा चारचौघांत बोलून दाखवत.

९ जून

उरलेल्या चार मेंढ्यांसाठी मामलेदाराचं फडकं सोडलं. ह्या वेळी मृगावर, म्हणजे ह्यांची कोकरं दिवाळीनंतर होतील. गाभण पाच वेगळ्या बांधल्यात.

४ जुलै

पहिली व्याली. नर. पांढरा, एका डोळ्याभोवती तांबडा डाग. ह्यांनी कारखान्याच्या भंगारातून रीतसर घेतलेल्या लटकत्या काट्याला कांद्याची गोणी अडकवली, त्यात कोकरू ठेवलं. साडेतीन किलो. आमचं साधं कोकरू अडीचच्या वर जात नाही.

आबांना हे कळलं तर आभाळ कोसळेल. जितं जनावर तोलत नाहीत, वाढ खुंटते म्हणतात. मी दोनदा तोललं, आनंद झाला म्हणून.

६ जुलै

आणखी दोघी व्याल्या. एकीला एक, एकीला जुळं. पाऊस आठ दिवसांत थांबलेला नाही. माळ्यावर कोरडं आहे.

९ जुलै

काळी गेली.

सकाळपासून कळा देत होती. दुपारी कोकराचं डोकं दिसलं, खांदे अडले. मी हात तेलात बुडवून आत घातला, आबांनी शिकवलं होतं तसं, पाय सरळ केले, कळ आली की ओढत होते. कोकरू जिवंत निघालं. काळी उठली नाही. दोन तास तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

ती माझ्या आंदणातल्या थोरल्या मेंढीची लेक होती. मेंढरू मरतं, विकलं जातं, ह्यात मी वाढलेय. पण ही माझ्या घाईने मेली. मेंढा मोठा होता आणि तिचं पहिलं वेत होतं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी शहाणी झाले असं वाटलं तर हे पान वाचता येईल.

१० जुलै

काळीचं कोकरू भिमाबाईंच्या शेळीला लावलं. शेळीने आधी लाथ मारली. भिमाबाईंनी शेळीचंच दूध कोकराच्या अंगाला चोळलं आणि म्हणाल्या, "आता हुंग तुजं लेकरू." संध्याकाळपर्यंत पिऊ लागलं.

२३ जुलै

पाचवी व्याली होती, तिचं कोकरू चार दिवसांनी गेलं. जुळ्यातलं एक काल. राहिली चार कोकरं, तीन नर, एक मादी. तीन मेंढ्या लंगडतात. चरायला खाली उतरवलं की खुरात चिखल भरतो.

हे म्हणाले, "चारही कोकरं आणि मेंढ्या वर नांदगावला पाठवू. कारभारीचा ट्रक उद्या रिकामा जातोय. आबा नाही म्हणणार नाहीत."

मी चिडले. काय बोलले ते लिहीत नाही. मग एकटी माळ्याखाली उभी राहून विचार केला की मी हे मेंढरांसाठी करतेय की आबांना हरवायला? खरं सांगायचं तर आज कळत नाही. आबांना हरवायला असेल तर काळी फुकट मेली.

२४ जुलै

ट्रक रिकामाच गेला. जाताना भाऊजींनी पिशवी दिली, त्यात मोरचूद. म्हणाले, "घमेल्यात पाणी करायचं, चरून आलं की प्रत्येकीला त्यातून चालवायचं, मग वर चढवायचं. पंधरा दिवस चुकवायचं नाही." मी विचारलं, कोणी सांगितलं? भाऊजी गाडी चालू करत म्हणाले, "असाच एक म्हातारा." पिशवीला गाठ मात्र अशी पक्की मारलेली की दाताने सोडावी लागली. धनगरी गाठ. भाऊजी आमच्या वस्तीवर बसून बसून हेही शिकले.

१६ ऑगस्ट

लंगडणाऱ्या तिन्ही सुधारल्या. पंधरा दिवस एकदाही चुकवलं नाही. हे कामावरून आले की लगेच घमेल्याशी बसत. माझा नवरा मेंढरांचे पाय धुतोय हे टोकरखाड्याच्या इंजिनीअरबाईंनी पाहायला हवं होतं.

आबांचं कार्ड: "इकडं पाऊस बेताचा. तिकडं किती? माळ्याखाली पाणी साचतं का?" बघा, अजून चिखलाचीच आठवण करून देतात. आणि माळा बांधल्याचं त्यांना कसं कळलं? मी तर कळवलं नव्हतं. भावाला भाऊजींनी सांगितलं असेल. मी एका ओळीचं उत्तर टाकलं: "साचत नाही, चर खणला आहे." चर त्याच दिवशी संध्याकाळी खणला. खोटं लिहून राहायचं नव्हतं.

४ ऑक्टोबर

तीन महिने झाले. तोललं. डोळ्याला डाग असलेला साडेसोळा. जुळ्यातला उरलेला चौदा, मादी साडेचौदा, काळीचा पंधराच्या वर. गेल्या वर्षीच्या साध्या कोकरांना मी तीन महिन्यांनी अंदाजाने उचललं होतं, अकरा-बाराच्या पुढचं एकही नव्हतं. ही तर पावसात वाढलेली.

काटा मी तीन वेळा बघितला. मग ह्यांना बघायला लावला. मग भिमाबाईंना. भिमाबाई म्हणाल्या, "मला वाचता नाय येत, पन तुज्या तोंडावर किती किलो हाय ते दिसतंय."

इतका आनंद मला दहावी पास झाल्यावर झाला नव्हता. कुणाला सांगावं? ज्याला सांगायचं त्याला तोलणं पटत नाही.

१२ नोव्हेंबर

मृगावरच्या चौघी व्याल्या. पाच कोकरं, सगळी धडधाकट, मेंढ्या उभ्या. कोरडी हवा, भरपूर गवत. असं सोपं असतं, वेळ बरोबर धरली की. भाऊजींना गुळाची ढेप दिली आणि सांगितलं, तुमच्यामुळे. ते कसनुसे हसले, ढेप घ्यायलाच तयार होईनात.

१० डिसेंबर

झुंबर खाटीक आला. मी काट्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवला, अंगठ्याने दाबलं. मग दुसऱ्या बाजूने दाबलं. मग मांडी चाचपली.

"झुंबरभाऊ, हाडं आणि लोकर का?"

"वहिनी, जुनं काढू नका." मग म्हणाला, "हे कुठलं जनावर? बाहेरून आणलं का?"

"किलवणीचं. इथेच जन्मलं, इथेच पावसात वाढलं."

त्याने तिन्ही नर मागितले. मी एकच दिला, काळीचा. कारण तो शेळीच्या दुधावर वाढला, त्याचं वजन पुढच्या पैदाशीसाठी धरून चालणार नव्हतं. हे डोकं म्हणालं. मन काही वेगळं म्हणत होतं, पण आम्ही मेंढरं पाळतो ती कशासाठी, हे मला पाचव्या वर्षीच कळलं होतं.

१२ डिसेंबर

झुंबरने कलेजी आणि थोडं मटण पाठवलं. निरोप होता, चरबी पातळ, मांस भरगच्च, हॉटेलवाला पुढच्या शनिवारी पुन्हा मागतोय. मी तिखट रस्सा केला, भिमाबाईंना वाटीभर दिला. हे दोन घास खाऊन उठले, म्हणाले जात नाही. मी पोटभर जेवले. चव चांगली होती. जेवताना काळीची आठवण आली, ती काही झाकून ठेवत नाही.

२० डिसेंबर

भाऊजी सांगत होते, आबांचा कळप घाट उतरलाय, तळ तलासरीलाच आहे. मी काही विचारलं नाही. मी म्हटलं होतं मी जाणार नाही, तर नाही. सगळी मिळून आठ कोकरं बिनखुणेची आहेत. बिनखुणेचं जनावर म्हणजे बेवारशी. चरताना कुणी हाकललं तर कशावरून म्हणू माझं?

दोनदा एसटीच्या वेळा विचारून आले. गेले नाही.

२६ डिसेंबर

आबा आले.

सकाळी दहाच्या सुमाराला फाट्यावरून चालत, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी ओळखलंच नाही आधी, कारण कळपाशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पाया पडले. पाणी दिलं. लेकीच्या घरी आहेत म्हणून ते रीतीप्रमाणे बाहेरच बसले. मग उठून माळ्याकडे गेले.

माळा खालून पाहिला. फटीत बोट घालून पाहिलं. चर पाहिला. मान हलवली. मी म्हटलं, "हे सगळं कारभारी भाऊजींचं डोकं. मेंढरातलं त्यांना किती कळतं ते तुम्हाला माहीत नसेल. पायांना मोरचूद, पहिलटकरीण वेगळी ठेवायची, सगळं त्यांनी सांगितलं. तुम्हीपण त्यांना विचारत जा कधी."

आबा बराच वेळ हसत राहिले. "हुशार हाय म्हन कारभारी," म्हणाले. जुन्या माणसांना तरुणांचं कौतुक केलेलं असंच चालत नाही.

मग कोकरं बाहेर काढली. उरलेले दोन्ही आषाढी नर, मादी, आणि दिवाळीनंतरची पाच. आबांनी एकेकाच्या पाठीवर हात फिरवला. डागवाल्याला उचलायला गेले आणि उचलवेना. मी तोंड फिरवून हसले. पंचवीस किलो आहे ते मी सांगितलं नाही.

आबांनी कमरेची सुरी काढली, खाली बसले, मादीचं डोकं मांडीवर घेतलं. डावा कान बोटांत धरला. जिंकलेच मी, असं वाटलं. आणि त्यांनी कान सोडून दिला.

"न्हाई पमे. ह्यांना माझी खूण लागत न्हाई."

मला फार लागलं. एवढा माणूस तलासरीहून उठून आला तो हे सांगायला? मी म्हटलं, "आबा, पाऊस काढलाय त्यांनी. तुमच्या आंदणाच्या पोटातली आहेत."

"आसतील. पर माझ्या कळपातली न्हाईत. मी आसं जनावर केलं न्हाई, मला जमलं नसतं. दुसऱ्यानं वाढवलेल्या जनावराला आपली खूण घालायची म्हंजे चोरी." सुरी त्यांनी माझ्यापुढे धरली, मुठीकडून. "तुझी खूण कोंची, ती सांग."

मी म्हटलं, "बाईची कुठे खूण असते?" आमच्यात खूण बापाकडून मुलाला जाते. मुलीला मेंढ्या मिळतात, त्याही बापाची खूण घेऊन.

"नसती," आबा म्हणाले. "म्हनून तर इचारतो."

वर्षभर मी त्यांची सुरी मागत होते, स्वतःच्या खुणेचा विचारच केलेला नव्हता. आबा कोकरू धरून बसून राहिले, घाई केली नाही. शेवटी मी म्हटलं, उजवा कान, मधोमध एकच चीर. आबांनी उजवा कान ताणून धरला. चीर थोडी वाकडी गेली, कोकरू ओरडलं, हळद दाबली. आठच्या आठ मी कातरली. शेवटच्या तिघांच्या चिरा सरळ गेल्या.

हे दुपारी घरी आले तेव्हा मी हळदीने पिवळी झालेली होते. जेवायला मी आबांना आत बोलावलं आणि आबा आत आले.

२७ डिसेंबर

आबा सकाळी निघाले. निघताना म्हणाले, "एक नर मला दे. माझ्या कळपात लावायचाय."

मी ऐकलं ते खरं वाटेना. डागवाला पुढे केला, सगळ्यात वजनदार. आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्याचा, जुळ्यातल्याचा, पाय उचलला, खूर उलटा करून दाखवला. पावसाळा काढूनही खूर गोट्यासारखा गच्च. "वजन काय बघती? वजन खाल्लं की येतं. खूर बघ. हा पावसाचा हाय." सहा महिने मी काटा बघत होते. खूर मी धूत होते, बघत नव्हते. हे शिकायला अजून वेळ आहे म्हणायचा.

मी म्हटलं, घेऊन जा. आबा म्हणाले, "लेकीच्या घरचं फुकट न्हेत न्हाईत." आणि खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला. बाजारात गडी असाच सौदा करतात, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, म्हणजे बाकीच्यांना भाव कळत नाही. बायका त्यात नसतात. बोटांचा अर्थ मला येत नव्हता, कारण रुमालाखालचं मला कोणी कधी दाखवलंच नव्हतं. आबांनी हळूच सांगितलं, हे बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. मग रुमालाखाली माझा हात धरला. मी दोनदा त्यांचा भाव झटकला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बापाला लुबाडती," आणि मला हवा होता तो भाव दिला. किती ते ह्या डायरीतही लिहीत नाही.

नर मी उचलून त्यांच्या खांद्यावर बसवला. उजव्या कानाची चीर अजून पिवळी होती. भिका धनगराच्या कळपात आजवर दुसऱ्या कुणाचा कान शिरलेला नाही. फाट्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी विचारलं, "आबा, ह्याची कोकरं होतील. त्यांचा कोणता कान कातरणार?"

आबांनी कोकराचे पाय छातीशी नीट धरले आणि म्हणाले, "दोन्ही."